टाके घालण्याआधी

आमच्याकडे दुसऱ्या बाळंतपणातच ऑपरेशन उरकून घेतात. आईने घेतलं, दोन्ही मावश्यांनी घेतलं, वहिनीने घेतलं. त्यात चर्चा करण्यासारखं काही असतं हे मला पस्तिशीपर्यंत ठाऊकही नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा पहिल्याच तपासणीत मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, सिझेरियन होणारच आहे, तेव्हाच नळ्याही बांधून टाका. त्या लगेच हो म्हणाल्या. थोरलीच्या सिझेरियनचा आतला व्रण फार पातळ झाला होता. तिसरं मूल गर्भाशयाला झेपणार नाही, जिवावर बेतेल, असं त्यांनीच मला बजावलं होतं.

आम्ही राहतो परदेशात. हॉस्पिटल लहानसं होतं, मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटपासून चालत जाण्याइतकं जवळ. मला सातवा लागला आणि एका धर्मसंस्थेच्या मोठ्या हॉस्पिटलने ते आपल्यात विलीन करून घेतलं. आयत्या बिळावर नागोबा. पाटी बदलली, लॉबीत एक सुंदर मूर्ती आली, नर्सेस आधीपेक्षा गोड बोलायला लागल्या. बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली माझी आई तर दर तपासणीला त्या मूर्तीला हात जोडायची. कुठलाही असला तरी देवच तो, म्हणायची. तिचं बघून मीही जोडायची.

नियमही बदललेत, हे मात्र कुणी सांगितलं नाही. सिझेरियनच्या आधीच्या शेवटच्या भेटीत मी नुसती खात्री करायची म्हणून विचारलं, "डॉक्टर, नळ्यांचं लक्षात आहे ना?"

बाईंनी हातातलं पेन बंद केलं. "नाउ हिअर कॅनॉट," त्या म्हणाल्या. "न्यू मॅनेजमेंट. त्यांच्या धर्मात बसत नाही."

"पण तिसरं जिवावर बेतेल, असं तुम्हीच म्हणालात."

"येस. सो बी केअरफुल."

बी केअरफुल! रस्ता ओलांडणाऱ्या पोराला सांगावं तसं. शहराच्या नोव्हेना भागातल्या दोन हॉस्पिटलांत विचारलं, पण इतक्या उशिरा अशी केस घ्यायला कुणी तयार होईना. आमच्या बाईंना दुसरीकडे ऑपरेशन करायची मुभा नव्हती. आईला वाटलं, मलाच काही कळलं नसेल. "तू नीट इंग्रजीत सांगितलंस ना गं? अगं, आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होतं हे!" नवरा म्हणाला, "नंतर बघू." मग तू करून घे, म्हटलं. तेही नंतर बघू. तो बँकेत जोखमीचा अंदाज बांधायचं काम करतो. हे मी विनोद म्हणून सांगत नाही.

सिझेरियन झालं. कमरेखालचं अंग बधिर, मी टक्क जागी, मध्ये हिरवा पडदा. धाकटी रडली, तिला पुसून माझ्या गालाला लावली, आणि त्या आनंदातही माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी पडद्याकडे तोंड करून म्हटलं, "डॉक्टर, प्लीज. पोट उघडंच आहे."

पलीकडे नळ्या त्यांच्या बोटांपाशी होत्या, धागाही हातात होता. मग बाईंचा आवाज आला, "क्लोजिंग," आणि त्यांनी टाके घालायला घेतले. त्या बाई काही दुष्ट नव्हत्या. नंतर वॉर्डात येऊन माझा हात धरून बसल्या होत्या. मी तो सोडवून घेतला. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, जाऊही नये.

मग वेगळं ऑपरेशन, वेगळी भूल, वेगळं हॉस्पिटल. नोव्हेनाचे सर्जन म्हणाले, आधी जखम नीट भरू दे, काही महिन्यांनी या. आम्ही सांभाळून होतो. दिलेल्या दिवशी मी उपाशीपोटी गेले. ऑपरेशनआधी लघवी तपासतात, तेवढंच बाकी होतं. नर्स परत आली ती सर्जनना घेऊनच. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

लोकांना वाटतं मला ते मूल नको होतं. मला ते हवं होतं. त्या क्षणी, त्या खाटेवर, वेड्यासारखं हवं होतं. पण घरी दोन मुली होत्या आणि व्रण आणखी पातळ झाला होता. सगळ्यांनी खूप समजुतीने सांगितलं, विचार करायला वेळ दिला. विचार काय करायचा?

जीव पवित्र असतो म्हणून त्यांनी माझ्या नळ्या बांधल्या नाहीत. तो जीव काढून टाकायच्या कागदावर सही मला करावी लागली, धाकटीला मांडीवर घेऊन.