मूळची नसलेली भिंत

पैठण गेटाच्या आतलं आमचं घर वाडा म्हणावं एवढं मोठं कधीच नव्हतं. दगड-चुन्याच्या भिंती, मधे फरसबंद चौक, चौकाभोवती सागवानी खांबांची ओसरी आणि एका कोपऱ्यात आड. हे सगळं मी ऐकीव सांगतोय. मला कळायला लागलं तेव्हा चौकाच्या मधोमध विटांची भिंत होती. वडील आणि काका वेगळे झाले, चौकाचे दोन तुकडे झाले आणि आड काकांच्या वाटणीला गेला.

भांडण कशावरून झालं ते शेवटी शेवटी दोघांनाही धड आठवत नव्हतं. पण सुंभ जळालं तरी पीळ जात नाही. त्या आडाचं पाणी या घरात येणार नाही, अशी वडिलांनी देवासमोर शपथ घेतली होती. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. आमचा नळ नावापुरता उरला. आई कुठून कुठून पाणी आणायची. वडील म्हातारपणीसुद्धा आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचे, जीव कासावीस झाला, पण भावाच्या आडाचा थेंब घेतला नाही. आई तेव्हा खाली मान घालून सुपारी कातरत बसायची.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नकाशे काढण्यात जन्म घालवला. निवृत्त झाल्यावर डोक्यात घेतलं की घर होतं तसं करायचं. नवी नवरी म्हणून आईनं पाहिलेला अखंड चौक तिच्या डोळ्यांदेखत तिला परत द्यायचा. वडील आणि काका तोवर गेले होते. शहर करमाडच्या दिशेनं सुटलं होतं आणि चुलतभावाला तिकडं लिफ्टवाला फ्लॅट हवा होता. त्यानं त्यांची बाजू मला दिली. त्या सालीही दुष्काळच होता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, गल्लीत टँकर. भाऊ म्हणाला, दादा, तिकडं बोअरला पाणी आहे. सगळ्यांचंच भलं झालं असं मला वाटलं. काकू त्याच्याबरोबर गेली. जाताना ती आईला भेटायलाही आली नाही, याचा मला रागच आला.

नकाशा मी महिनाभर रंगवला. मूळचं काळ्या शाईत, नंतरचं लाल शाईत. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं, ‘नंतरचे बांधकाम, काढणे.’ आईनं चष्मा पुसून तो कागद बराच वेळ पाहिला. त्या भिंतीत आमच्या बाजूनं एक छोटी देवळी होती, मागं लाकडी फळी बसवलेली. त्यात तिची एक पितळी वाटी असायची.

“तेवढी देवळी राहू दे,” ती म्हणाली.

मी तिला समजावलं. भिंतच मूळची नाही, तर देवळी कुठली मूळची? चौकाच्या मधोमध विटांचा एक खुंट ठेवला तर लोक हसतील. ती ‘बरं’ म्हणाली आणि वाटी उचलून घेऊन गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

मिस्त्रीनं वरून भिंत उतरवत आणली. देवळीपाशी आल्यावर त्यानं फळी काढली आणि हाक मारली, “साब, ये तो आरपार है.” पलीकडूनही तशीच फळी होती. मी आईकडं पाहिलं. ती ओसरीवर बसली होती. तिथंच, सुपारी मागावी इतक्या साध्या आवाजात, तिनं सांगितलं.

बहात्तर साली वडील आणि काका कचेरीत गेले की ती वाटीनं फळीवर दोनदा वाजवायची. पलीकडून काकू फळी काढायची आणि आडाचं पाणी तांब्या-तांब्यानं या बाजूच्या हंड्यात ओतायची. वडिलांनी शपथ पाळली ती त्या पाण्यावर. दुष्काळ सरला, पण दुपारची ती वेळ सरली नाही. लेकरांची दुखणी, नवऱ्यांची डोकी, दोघींचं म्हातारपण, सगळं त्या देवळीतून बोललं गेलं. काकूनं निरोपही तिथंच घेतला होता. वडिलांची शपथ मोडली हे पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून आई गप्प राहिली होती.

त्या दिवशीही मला थांबता आलं असतं. निम्मी भिंत अजून उभी होती. मी थांबलो नाही. नकाशा पुरा व्हायचा होता.

चौक खरंच सुंदर झाला. लोक फोटो काढून नेतात. मी हट्टानं काकूला गाडीत घालून आणलं, दोघींना चौकात खुर्च्या मांडल्या, चहा दिला. भिंत झाल्यापासून एकमेकींना न बघता बोललेल्या त्या दोन बायका समोरासमोर आल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. तब्येत बरी ना, बरी. जेवण जातं ना, जातं. एवढंच. निघताना काकूनं देवळी कुठं होती ते विचारलं, आणि मला ती जागा नेमकी दाखवता आली नाही. उन्हाळ्याच्या आधी काकू वारली.

“तू भिंत पाडलीस,” आई त्या दिवशी म्हणाली, “पण आता पलीकडं कोण आहे रे?” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसवला असता.

त्यानंतर तिनं आपली खाट सरकवून आतल्या खोलीच्या भिंतीला लावून घेतली. दुपारी वाटीनं भिंतीवर दोनदा वाजवायची आणि कान देऊन पडून राहायची. शेवटच्या आठवड्यात माणसं ओळखेनाशी झाली, तरी वाटी सुटली नाही. एका दुपारी मला ते ऐकवेना. मी स्वयंपाकघरातून एक वाटी घेतली, त्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला गेलो आणि दोनदा वाजवली.

मग आतून आईचा आवाज आला, कित्येक दिवसांत आला नव्हता इतका स्वच्छ.

“आलीस का गं?”

मला उत्तर देता आलं नाही. माझा आवाज तिनं ओळखला असता.