शेजारणीच्या भिंतीवरची रेघ

मुलांनो, या वयातही तुमच्या आजीला एका बाईचा हेवा वाटतो. आमच्या शेजारणीचा. तापीच्या पूररेषेजवळची आमची घरं, मधली भिंत एकच. नियमाप्रमाणे दोघींनी जोती सारखीच उंच बांधली आणि बँकेच्या सांगण्यावरून पुराचा विमाही घेतला.

तिला वाचता येत नाही. सगळं ती अंगावर मोजते, साडी वीतभर आखूड, पाणी गुडघाभर. पॉलिसी घेऊन ती माझ्याकडे आली आणि कान देऊन ऐकत बसली. पाहणी होईपर्यंत घर धुवायचं नाही, हे इंग्रजी कलम मीच तिला मराठीत समजावलं.

यंदा पूर आला. पाणी उतरल्यावर तो चिखल मला बघवेना. दोन दिवसांत मी भिंती घासून लख्ख केल्या. ती मात्र चिखलातच खाट टाकून बसली.

विम्याचे साहेब माझ्या भिंती बघून म्हणाले, "माताजी, इथे पाणी आलंच कुठे?"

शेजारीण दारातून हसली. "मास्तरीणबाई, तुम्हीच त सांगितलं होतं न, पुसू नका म्हणून!" मग साहेबांना म्हणाली, "इकडे या साहेब. माझ्या छातीएवढी रेघ आहे. भिंत एकच, मग पाणी काय माझ्याच घरात थांबलं?"

साहेबांनी तिच्या भिंतीला टेप लावली, आणि माझाही दावा मंजूर झाला.

दिवाळीला तिने घर रंगवलं, पण दाराजवळ वीतभर रेघ तशीच ठेवली. आल्यागेल्याला दाखवून सांगते, "हे आमच्या मास्तरीणबाईंनी शिकवलं."

ती खरं बोलते, म्हणूनच जास्त झोंबतं.