बंद घड्याळ आणि चाळीतली उत्तरं

दादरच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं तत्त्वज्ञान शिकवतोय. ज्ञान म्हणजे काय, हा भाग आला की बंद घड्याळाची गोष्ट ठरलेली. एक बाई भिंतीवरच्या घड्याळात बघते, चार वाजून दहा मिनिटं झालेली दिसतात. घड्याळ कालच बंद पडलंय, हे तिला ठाऊक नाही. पण योगायोगाने त्या क्षणी खरोखरच चार-दहा झालेले असतात. मग तिला वेळ माहीत होती का? वर्गाच्या उत्तरासाठी न थांबता मीच म्हणायचो, "कुणालाही विचारा, नाहीच म्हणेल." पुढचं सगळं व्याख्यान त्या 'नाही'वर उभं असायचं.

दोन वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही कुणाकुणाला विचारलंय?"

सूर खवचट नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कुणालाच विचारलं नव्हतं. मला माझ्या सरांनी सांगितलं होतं, त्यांना बहुधा त्यांच्या सरांनी. मी तसं कबूल केलं, आणि तिने प्रकल्पाला तोच विषय घेतला: पहिल्या फटक्यात मनाला जे पटतं, त्यावर किती भरवसा ठेवायचा.

तिची युक्ती साधी होती. घड्याळाच्या आधी आणखी एक गोष्ट सांगायची. निम्म्या लोकांना, एका माणसाने नुसता अंदाज ठोकला आणि तो बरोबर निघाला, अशी. उरलेल्यांना, एका बाईंनी स्वतः डोळ्यांनी बघून, खात्री करून सांगितलं, अशी. उत्तर पक्कं असेल तर आधी काय ऐकलं याने फरक पडायला नको.

परळच्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथे आई अजून राहते. एका रविवारी सकाळी आम्ही तिथूनच सुरुवात केली. मला गप्प बसायची ताकीद होती. लोक माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतील, असं त्या मुलीचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. गॅलरीत खुर्ची टाकून मी भाजी निवडत बसलो.

अंदाजाची गोष्ट ऐकलेले बहुतेकजण म्हणाले, बाईला वेळ माहीत होती, घड्याळ बघून तर सांगितली. दुसरी गोष्ट ऐकलेले बहुतेक म्हणाले, नव्हती. आईला अंदाजवाली गोष्ट आली होती. तिचं उत्तर, "होती."

महिन्याभराने मुलीने काही जणांना पुन्हा विचारलं, पहिली गोष्ट बदलून. या वेळी आई म्हणाली, "नव्हती." मला उगाच अवघडल्यासारखं झालं. आईची फजिती झाली असं वाटून मी मधे पडलो. म्हटलं, प्रश्नच जरा अवघड आहे.

"अवघड कसला?" आई म्हणाली. "मागच्या वेळी मी उलट बोलले होते, लक्षात आहे माझ्या. तेव्हा तो अंदाज ठोकणारा डोक्यात होता. त्याच्यापुढे ही बाई शहाणी वाटली. आज ही अर्धवट वाटते."

मी वर्गात घड्याळाच्या आधी काय सांगतो, ते मला तेव्हा आठवलं. पक्क्या, तपासलेल्या ज्ञानाचं उदाहरण. दर वर्षी, त्याच क्रमाने. माझ्या सरांचाही क्रम तोच होता. माझं 'नाही' माझं स्वतःचं किती, हे मला आता सांगता येईना.

आई माझ्या विद्यार्थिनीशीच बोलत होती. हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात तिने तीस वर्षं आया म्हणून काढली. "राउंडला डॉक्टर यायचे," ती म्हणाली. "पेशंटच्या उशाशी उभे राहून एकमेकांना सांगायचे, हिला आता बरं वाटतंय. ती जागी असायची. तिला कुणी विचारायचं नाही. तू विचारलंस, बरं वाटलं."

मुलीने ते वहीत लिहून घेतलं. प्रकल्पात त्याला जागा नव्हती, तरी.

हल्ली त्या तासाला मी वर्गाचे दोन गट करून दोन वेगळ्या गोष्टी सांगतो आणि थांबतो. मुलं भांडतात, अभ्यासक्रम मागे पडतो.

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे घेऊन चाळीत आली, तेव्हा आईने विचारलं, मग खरं उत्तर काय निघालं? मुलगी म्हणाली, अजून ठरत नाहीये.

"असू दे," आई म्हणाली. "ठरलं की मला सांगून जा."