दोन बोटं माया

शिवणकाम मास्तरांच्या हातात वडिलांकडून आलं, आणि जिभेवरची मटणाची चवही त्यांच्याकडूनच. रविवारी दुपारी दुकान बंद करून वडील जेवायला बसत, नळी ताटावर ठोकून आतला गर मुलाच्या भातावर पाडत. शिकवणही तिथंच चाले. "शिवणीत माया सोड रे. दोन बोटं कापड आत असू दे. माणूस आज रोड आहे, उद्या भरेल."

चाळिशीत मास्तरांच्या आतड्याला सूज आली. दिवसातून आठदा मशीन सोडून पळायचं, वर शौचातून रक्त पडायचं. गिऱ्हाईक हात पसरून मापाला उभं, आणि मास्तर गायब! वजन उतरलं, कपडे घसरू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एक नवी पँट शिवली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शिवाय म्हणाले, "मटण बंद करून डाळ-भाज्यांवर राहून बघू. सगळ्यांनाच मानवतं असं नाही. पण गोळी चुकवायची नाही."

बायको दुकानात काजं-बटणं करी. तिनं हेही मनावर घेतलं. भोपळा सोलून, शिजवून, घोटून वाटी पुढे ठेवी.

"ही काय, कॉलरची खळ केलीस?"

"हो. तुमचा ताठा राहायला नको? गिळा मुकाट्यानं."

पहिले रविवार जड गेले. शेजारून मटणाचा वास आला की मास्तर चमचा ताटावर उगाच ठोकत, जणू त्यातूनही काही पडेल. हळूहळू पळापळ थांबली. वर्षभरात ती पँट कमरेत रुतू लागली.

"द्या इकडे, सैल करते." तिनं शिवण उलटी केली आणि थबकली. दोऱ्यालगत कापड संपलेलं. "अहो, माया कुठाय?"

मास्तर गळ्यातली टेप गुंडाळू लागले.

"जगाला दोन बोटं सोडता, आणि स्वतःला?"

"वाटलं, आता मी कुठला भरतोय. कापड कशाला वाया घालवा."

तिनं पँट चिंध्यांच्या गाठोड्यात भिरकावली. नवं कापड टेबलावर पसरलं, खडू त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी रेघ ओढली, रेघेबाहेर दोन बोटं टेकवली.

"तीन सोडा," ती म्हणाली. "भोपळा अजून अर्धा शिल्लक आहे."