टॅक्सच्या नोट्स आणि पोटातला गोळा

काही घरांत जुने चार्जर साठतात, काहींत रिकाम्या बरण्या. माझ्याकडे घाबरल्याचे किस्से साठलेत. टाकून द्यावेत म्हटलं तरी एकही टाकवत नाही!

मी शिरूरमध्ये बी.कॉम.च्या मुलांना टॅक्सेशन शिकवते. कम्प्युटर शिकवायला जगताप सर दौंडहून येतात, आणि शनिवार-रविवार त्यांच्या दौंडच्या बॅचला टॅक्स शिकवायला मी जाते. शिरूरचा क्लास वर, खाली आप्पांचं झेरॉक्सचं दुकान. नोट्स आम्ही लिहायच्या, आप्पांनी छापायच्या, मुलांनी पाठ करायच्या आणि घाबरायचं मात्र सगळ्यांनी मिळून. त्यात मी सगळ्यात पुढे. जगताप सर मला कायम म्हणतात, "मॅडम, भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस! तुम्ही घाबरता म्हणून घडतं हे."

यंदा मात्र त्या ब्रह्मराक्षसानं हद्द केली. आमच्या रोहिणीचं अख्खं वर्ष जायची वेळ आली. रोहिणी इनामगावची. रांजणगावला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर पॅकिंगला जाते. 'बी.कॉम.ची मार्कशीट आण, अकाउंट्सला पर्मनंट घेतो,' असा शब्द तिथल्या साहेबांनी दिलेला. त्या मार्कशीटपायी काय काय झालं ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर बाकीचं घाबरणं तुम्हाला फुसकं वाटेल.

*

बजेटच्या दिवशी लोक काय स्वस्त झालं ते बघतात. मी माझं कुठलं पान मेलं ते बघते.

एका वर्षी आप्पांनी हौसेने पुढच्या बॅचच्या नोट्स आधीच छापून ठेवल्या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही इतके गठ्ठे! मी सांगत होते, "आप्पा, बजेट होऊ द्या." ते म्हणाले, "दर साली थोडंच बदलतंय सरकार?"

त्या दिवशी दुकानातल्या छोट्या टीव्हीसमोर आम्ही दोघं उभे. टॅक्सचे स्लॅब बदलल्याचं ऐकलं आणि मी तिथेच स्टुलावर बसले. जुने दर पाठ करून मुलं परीक्षेला बसली तर? सगळी गणितं चुकणार आणि नाव माझं निघणार.

आप्पांनी वरचा गठ्ठा सरळ केला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, शिरूरला न्हाई चालणार तर राहू द्या. दौंडला खपंल का?"

*

जगताप सर स्वतःला शूर समजतात, पण प्रॅक्टिकलच्या दिवशी त्यांचं तोंड बघावं. बाहेरचे परीक्षक आले की ते लॅबच्या दारात उभे राहून नुसते पाणी पितात.

सरांच्या नोट्समध्ये एक सोपा प्रोग्राम आहे. मशीन तुमचं नाव विचारतं, तुम्ही टाकायचं, की ते तुमचं स्वागत करतं. नोट्समध्ये नमुना म्हणून 'गणेश' टाकलेलं. पूजा नावाच्या मुलीने अख्खा प्रोग्राम न बघता टाईप केला. रन केला. मशीनने नाव विचारलं. हिने टाकलं गणेश!

परीक्षक म्हणाले, "बाळ, तुझं नाव पूजा ना? मग पूजा टाक की."

पोरगी रडकुंडीला आली. "नको सर! नोट्समध्ये गणेशच हाय. माझं नाव टाकलं आन् मशीन बंद पडली तर?"

त्यानंतर सरांनी नोट्समध्ये गणेशखाली एक ओळ वाढवली: 'येथे कोणतेही नाव चालते, घाबरू नये.'

*

आप्पांची भीती वेगळी. कुणाच्या तरी पेनड्राईव्हमधून व्हायरस शिरून त्यांचा कम्प्युटर एकदा झोपला होता, तेव्हापासून ते प्रत्येक पेनड्राईव्हकडे विंचवासारखे बघतात.

जगताप सरांनी छापायला एक धडा आणला. फाईलचं नाव, 'व्हायरस'. आप्पांनी हातच मागे घेतला.

"अहो आप्पा, यात व्हायरसची माहिती आहे, व्हायरस नाही!"

"माहिती कुठून आली? त्याच्यापासूनच ना?" आप्पांनी समोरच्या दुसऱ्या झेरॉक्सवाल्याकडे बोट दाखवलं. "आधी तिकडं लावा. त्याचा कम्प्युटर सांच्यापर्यंत जगला तर मग आणा हितं."

*

रोहिणीचे वडील, आबा, फुलशेती करतात. झेंडू, शेवंती. ते पहिल्यांदा क्लासवर आले तेव्हा मी फळा पुसत होते. दारात चपला काढून उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. चेहरा उतरलेला.

"मॅडम, एक इचारतो, राग मानू नका. पोरीकडनं आमच्या घरचं काय काय काढून घेताय तुमी?"

मी म्हटलं, "आबा, झालं काय?"

झालं असं होतं की रोहिणी फुलं तोडताना मोठ्यांदा अभ्यास करायची. आणि तिच्या तोंडी माझं उदाहरण होतं: एक शेतकरी, फुलांचं उत्पन्न, रांजणगावला कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या आणि हायवेच्या कडेला विकलेला जमिनीचा तुकडा. मी आपलं मुलांना जवळचं वाटावं म्हणून मनाने रचलेलं. आबांचं सगळं तंतोतंत तेच होतं!

"खोल्यांचं कुणी सांगितलं तुमाला? भाऊबंदातलं कोण आलं व्हतं का?"

मी शपथेवर सांगितलं, आबा, तो माणूस खोटा आहे. नोट्समधला आहे. मुलांना गणित शिकवायला बनवलाय.

आबा जायला निघाले, चपला घातल्या, परत वळले. आवाज एकदम बारीक करून म्हणाले, "मग त्या माणसाला टॅक्स बसला का?"

*

रोहिणीसारख्या शिफ्टवाल्या मुलांना क्लासला येता येत नाही. कंपनीत आत कागद नेऊ देत नाहीत, आणि बसमध्ये वाचलं की त्यांना मळमळतं. म्हणून मी घरी स्वयंपाक करता करता नोट्स मोबाईलवर बोलून पाठवायला लागले. कानात घालायचं आणि ऐकत जायचं. शिरूरची मुलं ऐकतात, दौंडचीही ऐकतात. या व्हॉइस नोट्सनी मला जेवढं घाबरवलंय तेवढं इन्कम टॅक्सवाल्यांनीसुद्धा कुणाला घाबरवलं नसेल.

एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये रोहिणीने मोबाईल सुरू केला आणि तो तिच्या इयरफोनऐवजी बसच्या स्पीकरला जोडला गेला. बस शिफ्टच्या लोकांनी खच्चून भरलेली, निम्मी पेंगत होती. आणि गाणं बंद होऊन माझा आवाज घुमला: "ज्याने टीडीएस कापला, पण सरकारकडे भरला नाही, त्याला दंड, व्याज आणि प्रसंगी सक्तमजुरी!"

पुढच्या सीटवर बसायचा लेबर कॉन्ट्रॅक्टर. तो ताडकन उभा राहिला. "कोन बोलतंय? कोन बोलतंय ते?"

ड्रायव्हरने घाबरून बस कडेला घेतली. मागून एक बिहारचा कामगार ओरडला, "मैडम, हमारे पीएफ का भी पूछ लीजिए!"

रोहिणीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती आणि मी देव्हाऱ्यासमोर उभी होते. तो माणूस क्लासवर आला तर मी काय बोलणार होते? तो आला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो बसलाही आला नाही. मोटरसायकलने जायला लागला!

*

आता रोहिणीचं.

निकाल लागला. ती सगळ्या विषयांत पास, आणि टॅक्सेशनसमोर मार्कच नाहीत. निकाल राखून ठेवलेला. पाठोपाठ पत्र आलं, पुण्याला चौकशी समितीसमोर हजर राहा. शिरूरच्या केंद्रावरचा तिचा पेपर आणि दौंडच्या केंद्रावरचा अक्षय नावाच्या मुलाचा पेपर शब्दन् शब्द सारखा निघाला होता. माझ्या 'अर्थात' आणि 'तथापि'सकट! दोन गावं, एकच वेळ, एकच उत्तर. म्हणजे मोबाईलवरून कॉपी, दुसरं काय?

कॉपी केस लागली असती तर पेपर तर गेलाच असता, वर पुढच्या परीक्षेलाही बसू दिलं नसतं. कंपनीचे साहेब काही तोवर जागा अडवून बसणार नव्हते. त्यांनी आधीच विचारलं होतं, "मार्कशीट कधी देतेस?" रोहिणीने त्यांना सांगितलं, प्रिंटिंगला वेळ लागतोय. त्या दिवसापासून तिने जेवण टाकलं होतं.

पुण्याच्या एसटीत आबा माझ्या पुढच्या सीटवर बसले होते. सगळ्या वाटेत एकदाच बोलले. "मॅडम, पोरगी खोटं बोलायची न्हाई. पण खरं बोलल्यालं त्यांना पटंल का?"

मला स्वतःचीच भीती वाटत होती. माझ्या नोट्स आहेत म्हणून सांगायला जावं, आणि उद्या पेपर बाईंनीच फोडला म्हणाले तर?

समितीच्या दाराबाहेर अक्षयही बसला होता, लांबच्या बाकावर. माझ्या दौंडच्या बॅचचा मुलगा. तो आणि रोहिणी एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते, आणि दोघांच्याही नजरेत एकच होतं: हिनं माझं कसं काय बघितलं? यानं माझं कसं काय बघितलं?

आधी रोहिणीला बोलावलं. तिच्यासोबत आबांना आणि मला आत बसू दिलं. टेबलापलीकडे समितीची माणसं, मधोमध चष्मा लावलेल्या अध्यक्षबाई. त्यांनी दोन्ही पेपर शेजारी-शेजारी ठेवले होते.

"हे उत्तर कुठून आलं?"

"पाठ आहे, मॅडम."

"दौंडच्या मुलाचंही पाठ आहे? असंच्या असं?"

"त्याचं मला माहीत नाही. माझं ऐकून-ऐकून पाठ आहे."

अध्यक्षबाईंनी खुर्चीला पाठ टेकवली. "ठीक आहे. म्हणून दाखव. पहिला प्रश्न, घरापासूनचं उत्पन्न."

रोहिणी उभी राहिली. तिने दोन्ही हात ओढणीत गुंडाळले. आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, ही आता अडणार. अडली की संपलं.

तिने सुरुवात केली. पहिलं वाक्य अडखळत, दुसरं नीट, आणि तिसऱ्यापासून मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. मी जिथे थांबते तिथे ती थांबत होती. मी जिथे खाकरते तिथे तीही खाकरत होती. "स्वतः राहत असलेल्या घराचे वार्षिक मूल्य शून्य धरावे. तथापि, घर भाड्याने दिलेले असल्यास, नगरपालिकेचा कर मालकाने प्रत्यक्ष भरलेला असेल तरच तो वजा करावा... अहो, दूध बघा! उतू चाललंय!"

रोहिणीने तोंडावर हात ठेवला. आबा डोळे उघडून इकडेतिकडे दूध शोधायला लागले. मला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

अध्यक्षबाईंनी रोहिणीला खुणेने खाली बसवलं आणि शिपायाला अक्षयला आत पाठवायला सांगितलं. तो आला. त्याने बाहेरून काही ऐकलेलं असणं शक्य नव्हतं, दार जाड होतं.

त्यांनी त्याचा पेपर हातात घेतला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "'नगरपालिकेचा कर मालकाने प्रत्यक्ष भरलेला असेल तरच तो वजा करावा.' हं. इथून पुढे म्हण. जसं पाठ आहे तसंच. काही गाळायचं नाही."

अक्षयने माझ्याकडे बघितलं. मग समितीकडे बघितलं. डोळे गच्च मिटले आणि हात सरळ ठेवून, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तसं उभं राहून म्हणाला,

"अहो, दूध बघा! उतू चाललंय! ...गेलं ना! आता ओटा तुम्हीच पुसा. हं, तर मुलांनो, वजावटी दोन."