गुणवंतचा कान

दिल्लीतल्या एका सरकारी खात्याच्या गॅरेजात एक नियम होता आणि तो कुठल्याही परिपत्रकात नव्हता. ट्रकमधून आवाज येत असेल तर तो रात्रभर गार होऊ द्यायचा, आणि सकाळी गुणवंत काळमेघ येईपर्यंत चावीला कुणी हात लावायचा नाही. फोरमन गुणवंत यायचा, मफलर सोडायचा, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि म्हणायचा, "चलाओ." गार इंजिनाचं पहिलं मिनिट तेवढं खरं बोलतं, असं त्याचं म्हणणं. एकदा तेल वर चढलं, लोखंड तापलं, की तेही माणसासारखं लपवायला शिकतं.

अमरावतीहून तेविसाव्या वर्षी आलेला हा माणूस पस्तीस वर्षं त्या कानावर ताठ मानेनं जगला. टिकटिक इंजिनाच्या आतल्या टॅपेटची की धुराच्या पाइपातल्या गळतीची, हे तो डोळे मिटून सांगे, आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मात्र या कानाला काडीची किंमत नव्हती. बायको चंद्रप्रभा म्हणायची, "इंजिनाचं बरं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही."

जानेवारीतल्या एका सकाळी ड्रायव्हर विष्णू तक्रार घेऊन आला. हा पलवलचा, कामाला चोख, गुणवंतला गुरू मानणारा. "गुणवंतजी, ठंडी गाड़ी में टिक-टिक आती है. गरम होते ही ग़ायब."

गुणवंतने पेचकस लावला. घरघर तेवढी होती, टिकटिक नव्हती. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. विष्णू शेजारी उभा राहून बोटानं ताल धरून दाखवत होता. "ये देखिए, ये... ये..."

"वहम है तेरा. कान का मैल निकलवा," गुणवंत म्हणाला. सगळं गॅरेज हसलं, विष्णूही ओशाळून हसला. रजिस्टरमध्ये गुणवंतने लिहिलं, 'आवाज नहीं', आणि खाली झोकदार सही ठोकली.

रविवारी तो मुलीला, कृतिकाला, स्कूटरवरून सरोजिनी नगरच्या बाजारात घेऊन चालला होता. वाटेत ती मागून ओरडली, "बाबा, इंडिकेटर! आश्रम चौकापासून चालू आहे, यार! मागचे सगळे हॉर्न मारतायत."

"त्याचा आवाज गेलाय गं. टिकटिक करत नाही, म्हणून कळत नाही."

"करतोय ना! बिल्कुल करतोय. मला मागे बसून ऐकू येतंय."

त्याने स्कूटर कडेला घेतली. हेल्मेट काढलं, वाकून कान जवळ नेला. पिवळा दिवा लागत होता, विझत होता, आणि आवाज काही नव्हता. त्याने बटण दाबून इंडिकेटर बंद केला. कृतिका स्वेटरच्या भावावरून घासाघीस करत होती तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसून विष्णूच्या बोटाचा ताल आठवत होता.

सोमवारी पहाटे तोच ट्रक सामान घेऊन आग्र्याला निघणार होता. एक फोन पुरला असता. "गाड़ी रोक," एवढंच. पण मग विचारलं असतं, का? आणि 'का'चं उत्तर एकच होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. परत आल्यावर बघू, गुपचूप टॅपेट उघडू, असं त्याने स्वतःला समजावलं. चंद्रप्रभाने दोनदा जेवायला हाक मारली, ती त्याला खरोखरच ऐकू आली नाही.

ट्रक मथुरेच्या अलीकडे धुक्यात बंद पडला. टॅपेटचा ढिला नट सुटून आतलं सगळं मोडलं होतं. विष्णू मागे इशाऱ्याचा त्रिकोण ठेवायला उतरला आणि मागून येणारी गाडी त्याला दिसेपर्यंत फार उशीर झाला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशीचे साहेब इस्पितळात आले, सोबत गुणवंतला घेऊन. त्यांनी विष्णूला विचारलं, "आवाज़ थी, तो जाँच में क्यों नहीं मिली?"

विष्णू छताकडे बघत म्हणाला, "मैंने ही सुबह गाड़ी गरम कर दी होगी, साब. ठंड थी. गुणवंतजी के कान से तो छूट ही नहीं सकती."

साहेबांनी लिहून घेतलं: ड्रायव्हरने नियम मोडला. "ठीक है ना, काळमेघ?"

त्या तिन्ही सकाळी चावी गुणवंतसमोरच पहिल्यांदा फिरली होती. बॉनेटवरचं दव त्याने स्वतः मफलरने पुसलं होतं. त्याने मान हलवली. पस्तीस वर्षांत इतकी जड मान त्याने कधी हलवली नव्हती, आणि आपण किती हलके आहोत हेही त्याला कधी इतकं कळलं नव्हतं.

साहेब गेले. विष्णूने त्याचा हात धरून जवळ ओढलं, अगदी कानाशी तोंड आणलं. "गुणवंतजी, एक बात बता दीजिए. टिक-टिक थी ना? मेरा वहम तो नहीं था?"

शब्दन् शब्द त्याला स्वच्छ ऐकू आला. त्याने कानामागे हात नेला, काही कळलं नाही असा चेहरा केला आणि पायथ्याशी घसरलेलं पांघरूण सारखं करू लागला.