बारावा बांबू

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत सगळ्यात आधी आप्पांची, माझ्या वडिलांची, काळी पेटी चढली. पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. मी आठ वर्षांची होते. माण तालुक्यातल्या आमच्या गावापासून डोंबिवलीपर्यंत मी त्या पेटीवर बसून आले. माझे चुलते, तात्या, टेम्पोचा फाळका धरून उभे होते.

"चार-पाच वर्सं काढ, पोरीचं शिक्शान उरक आन् ये माघारी," ते आप्पांना म्हणाले. "हितं तू हवालदार हायस. तितं कोन इचारतंय तुला?"

"न्हाई इचारलं तर आपन सांगायचं," आप्पा म्हणाले.

तात्या, त्या चार-पाच वर्षांची आता एकोणीस झाली. तुमचा मेसेज आला, की खोली बांधून ठेवली आहे, आता या. त्याचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यासाठी, आणि आमच्यासारखंच पेटी उचलून जे इकडे आले त्यांच्यासाठीही.

आपलं गाव घरटी एक फौजी असलेलं. तिथे आप्पांना कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. फौजेत त्यांचं काम सुरुंगांचं. पेरायचे आणि काढायचे. डोंगरावरच्या लढाईतून ते धड परत आले. डावं अर्धं पाऊल गेलं ते नंतर. सीमेवरच्या सपाट शेतात, जिथे लढाई झालीच नाही, तिथे आपलेच सुरुंग काढताना. अर्ध्या पावलाने औतामागे चालता येत नाही. बुटात कापूस कोंबून शीळफाटा रोडवरच्या टॉवरच्या गेटवर उभं राहता येतं. तिथे त्यांना मिळालेलं नाव होतं 'ए वॉचमन'. नाव, हुद्दा, नंबर, सगळं पेटीवर राहिलं.

आम्ही राहायला लागलो म्हात्रेकाकींच्या चाळीत. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी तिथे भाताची खाचरं होती, आता दोन्ही बाजूंना चाळी आणि मधून एक गल्ली. आईला जवळच्या छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालायचं काम मिळालं. खराब निघालेले कागद ती घरी आणायची, पाठकोऱ्या बाजूवर मी अभ्यास करायचे आणि छापलेल्या बाजूवरून वाचायला शिकले. संपाची पत्रकं, मोर्चाची पत्रकं, क्लासच्या जाहिराती. सगळ्यांची सुरुवात एकच, 'बंधू-भगिनींनो, आता तरी जागे व्हा!' इतर मुलं गोष्टी वाचत होती त्या वयात मी लोकांना जागं करायला शिकत होते. बाराव्या वर्षी शाळेच्या नळाला पाणी नाही म्हणून पहिलं पत्रक लिहिलं. आप्पांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "खाली नाव कुनाचं हाय?" नाव नव्हतं. त्यांनी पेन पुढे केलं.

आमच्या गल्लीत गटाराचं काम झालं, पण ठेकेदार चेंबरवर झाकणं न बसवताच गेला. बारा चेंबर, बारा उघडी तोंडं. पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी साचतं, आणि पाण्याखाली रस्ता कुठला, भोक कुठलं, काही कळत नाही. पहिल्याच वर्षी, मे संपता संपता, आप्पांनी बारा बांबू आणले. प्रत्येक चेंबरच्या कडेला एक रोवला, टोकाला लाल फडकं बांधलं. दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ ओढली, म्हणजे पाणी कमी असेल तेव्हा चालण्याची वाट दिसेल. फौजेत सुरुंगांच्या शेतातून वाट काढतात ती अशीच.

लोक हसले. "आले हवालदार, चुना लावायला!" आप्पाही हसायचे, आणि रेघ ओढत राहायचे. रोज ड्युटीवरून परतताना ते गल्लीच्या टोकापासून बांबू मोजत यायचे. बारा भरले की उंबऱ्यावर बसून डावा बूट काढायचे. आधी कधीच नाही. दोन पावसाळ्यांत हसणं थांबलं. चौथ्यात गल्लीतल्या बायका पोरांना सांगायला लागल्या, "हवालदारकाकांच्या रेघेतून जा." तात्या, कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं.

मला मात्र त्या बांबूंचा राग यायचा. कॉलेजात होते, डोकं तापलेलं. आप्पांशी भांडायचे, "तुम्ही बांबू लावता म्हणून झाकणं येत नाहीत. एक वर्ष लावू नका, मग बघा कसे धावत येतात."

"आन् त्या एका वर्सात कोन पडंल, त्येचं नाव सांग," आप्पा म्हणायचे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, जुलैत, मी झाकणांसाठी पत्रक काढायचं ठरवलं. फोटो हवा होता. म्हात्रेकाकींच्या दारासमोरचं चेंबर सगळ्यात मोठं, पण लाल फडक्याच्या बांबूमुळे फोटोत ते भयानक दिसेना. कुणीतरी काळजी घेतली आहे असं वाटत होतं. मी बांबू उपटला, भिंतीला टेकवला, चार फोटो काढले. छापखाना सहाला बंद होतो म्हणून तशीच धावले. बांबू भिंतीलाच राहिला. आप्पा त्या दिवशी डबल ड्युटीवर होते.

सकाळी गल्लीत पाणी भरलं होतं. म्हात्रेकाकी देवळात निघाल्या आणि सरळ चेंबरमध्ये गेल्या. कमरेपर्यंत. दोघातिघांनी ओढून काढलं. मनगट मोडलं होतं.

दुपारपर्यंत सगळी गल्ली पेटली. माझा मित्र ओंकार तर उड्याच मारत होता. "अगं, फोटो टाक काकींचा, प्लास्टरवाला! आता कोण नाही म्हणतंय बघू!" बांबूचं कुणालाच माहीत नव्हतं. मी गप्प राहिले असते तर त्या पत्रकाइतकं धारदार पत्रक आयुष्यात परत लिहिता आलं नसतं. हे मी लपवत नाही, त्यानंतरही मी दोन तास गप्प राहिले.

मग आप्पा आले. मोजत आले. उंबऱ्यावर बसले, पण बूट काढला नाही.

"अकरा हायती," ते म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. ते उठले, भिंतीचा बांबू आणून पाण्यात चाचपून रोवला, फडकं घट्ट बांधलं. परत येऊन, एकोणीस वर्षांत एकदाच, त्यांनी त्या शेताबद्दल सांगितलं. "आमच्या वाटंचं दोन खुंटं कुनीतरी उपटलं हुतं. कपडे वाळत घालाया. दोरीसाठी खुंटं पायजेत म्हनून. परत रोवलं, पन हातभर बाजूला." ते बुटाकडे बघत होते. "त्येनं शेवटपत्तूर कबूल केलं न्हाई. मला पायाचं काय न्हाई वाटत. त्येचं वाटतं."

मी तशीच काकींकडे गेले. त्या खाटेवर, हात गळ्यात. "काकी, बांबू मी काढलेला. फोटोसाठी."

त्यांनी गळ्यातला हात सावरून घेतला. "तरीच. तुजे बापसाचा बांबू बगूनच मी पाय टाकतंय, बाय. नाय दिसला म्हनून बिनघोर गेली." मग म्हणाल्या, "आता काय, शिव्या देऊ तुला? हात मोकला होऊ दे, मंग फटकाच देतंय." मी रडायला लागले तशा खेकसल्या, "रडतंस काय? झाकनाचं काय ते बग. फोटू काढायचा त काढ, पन साडी बदलू दे पयली."

पत्रक नव्याने लिहिलं. पहिल्या परिच्छेदात माझी चूक, दिवस-वेळेसकट. दुसरा असा होता: 'बांबू काढला ही माझी चूक. पण भर वस्तीत, रोजच्या रस्त्यावर, माणसं जगावीत म्हणून एका माजी सैनिकाला बांबू रोवावा लागतो, ही कुणाची?' खाली माझं पूर्ण नाव आणि खोली नंबर. छापखान्यात आईने पहिला कागद उचलला, उभ्या उभ्या वाचला, घडी घातली. दुसऱ्या कागदापासून तिचे हात नेहमीसारखे भरभर चालू लागले.

ओंकार चिडला. "येडी आहेस काय? हातातली केस होती, तूच वाट लावलीस!" गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोकांनी नौटंकी म्हटलं. महापालिकेच्या ऑफिसात साहेबांनी पत्रक फडकावलं, "तुम्हीच लिहिलंय ना, चूक तुमची?" मी म्हटलं, "हो. पहिल्या परिच्छेदात. आता दुसरा वाचा." प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून काकी शेजारीच बसल्या होत्या. साहेबांना दुसरा वाचावा लागला.

झाकणं लगेच आली नाहीत. अर्ज, फेऱ्या, पुन्हा पत्रक, पुन्हा अर्ज. आजवर सात आली. पाच अजून उघडी आहेत, आणि मी अजून लिहिते आहे. प्रत्येक पत्रकाखाली नाव आहे.

तात्या, गावची आठवण येत नाही असं नाही. सुगीच्या दिवसांत खळ्यावर बसून तुम्ही सगळे जेवता, त्याचा फोटो पाठवता तेव्हा आप्पा तो मोठा करून, एकेक माणूस ओळखत बघतात. खोली बांधलीत, त्यांना बरं वाटलं. दिवाळीला येऊ, आठ दिवस राहू. पण माघारी येणं आता जमायचं नाही. गाव म्हणजे जिथे आपल्याला सगळे ओळखतात ती जागा, असंच तुमच्या टेम्पोजवळच्या बोलण्यात होतं. मला इथे कळलं की, आपण बेसावध राहिलो तर ज्यांचा पाय मोडेल त्यांच्यात आपलं घर असतं.

आप्पांना आता वाकता येत नाही. यंदा मे संपताना चुना मी ओढला. म्हात्रेकाकी डबा धरून पुढे चालत होत्या, वाकड्या मनगटाने, "सरल ओढ, सरल" असं ओरडत. काम संपवून घरी आले तेव्हा आप्पा उंबऱ्यावर बसले होते, बूट घालून.

"किती?"

"पाच लावले. सात माळ्यावर."

त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली, मान हलवली आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला घेतली.